ट्यूब प्रीअॅम्प आणि सॉलिड स्टेट पॉवर अॅम्प: जोडी कशी जुळवायची

नवा ट्यूब प्रीअॅम्प घरी येतो, आधीपासून असलेल्या ट्रान्झिस्टर (म्हणजेच सॉलिड स्टेट) पॉवर अॅम्पला जोडला जातो, आणि पहिल्याच गाण्यात डग्गा पोकळ वाटतो. तबल्याची चाट स्वच्छ ऐकू येते, पण डाव्या हाताची घुमक हरवलेली. बहुतेक जण लगेच ट्यूबला दोष देतात आणि महागडी ट्यूब शोधायला निघतात. ट्यूबचा त्यात काही गुन्हा नसतो. दोन डब्यांच्या मधे बसलेला एक कपॅसिटर आणि पुढच्या डब्याचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) यांचं गणित चुकलेलं असतं. ते गणित वहीच्या एका ओळीत मावतं, आणि अॅम्प विकत घेण्याआधीच ते करता येतं.

ही जोडी मुळात का करायची, हे थोडक्यात. स्पीकर हलवायला मोठा करंट लागतो. ट्यूबला ते काम द्यायचं तर मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर हवा, आणि चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असतो. ट्रान्झिस्टर हे काम सहज करतो, वूफरवर पकडही घट्ट ठेवतो. प्रीअॅम्पला मात्र एक-दोन व्होल्ट आणि जेमतेम मिलीअँपिअर पुरवायचे असतात. तिथे १२एयू७सारखी छोटी ट्यूब रमते. तिचा हीटर (ट्यूब तापवणारी आतली तार) १२.६ व्होल्टवर १५० मिलीअँपिअर घेतो, म्हणजे दोन वॉटसुद्धा नाही. ट्यूबचा रंग हवा आणि खर्च, वजन, उष्णता आटोक्यात हवी, तर यापेक्षा शहाणी वाटणी नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. ट्यूब प्रीअॅम्पच्या आत साधारण २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. खाली दिलेली जवळपास सगळी मोजमापं बाहेरच्या आरसीए सॉकेटवर (डब्यामागचं गोल ऑडिओ सॉकेट) होतात. झाकण उघडावं लागेल असं काम आलं, तर ते जाणकाराकडून करून घ्या.

पहिलं काम: पाच आकडे

दोन्ही उपकरणांची माहितीपत्रकं समोर ठेवा आणि कागदावर हे लिहा: प्रीअॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स, प्रीअॅम्पचा गेन (सिग्नल किती पट वाढतो), प्रीअॅम्पच्या आउटपुट कपॅसिटरची किंमत, पॉवर अॅम्पचा इनपुट इम्पीडन्स आणि पॉवर अॅम्पचा गेन किंवा सेन्सिटिव्हिटी (पूर्ण ताकदीला इनपुटवर किती व्होल्ट लागतात). कपॅसिटरची किंमत माहितीपत्रकात सहसा नसते. ती बनवणाऱ्याला विचारा किंवा सर्किट डायग्रामवर पाहा. आउटपुटच्या सॉकेटला जाणाऱ्या तारेआधीचा शेवटचा कपॅसिटर तोच.

हा कपॅसिटर का लागतो? ट्यूबच्या प्लेटवर (करंट गोळा करणारा आतला भाग) शंभर-दीडशे व्होल्ट डीसी असतात आणि त्यातला एकही पॉवर अॅम्पपर्यंत पोचायला नको. कपॅसिटर डीसी अडवतो, गाणं जाऊ देतो. पण पुढच्या अॅम्पच्या इनपुट इम्पीडन्सबरोबर मिळून तो खालचे स्वर कापणारा फिल्टरही बनतो. कुठून कापतो ते काढायचं सूत्र असं:

कटऑफ, हर्ट्झमध्ये = १५९ ÷ (इनपुट इम्पीडन्स किलोओममध्ये × कपॅसिटर मायक्रोफॅरडमध्ये)

कटऑफला आवाज ३ डेसिबलने खाली आलेला असतो. आता आकडे घालून पाहा. जुन्या काळच्या ट्यूब पॉवर अॅम्पचे इनपुट अडीचशे किलोओमपासून एक मेगओमपर्यंत असायचे, म्हणून तेव्हाच्या प्रीअॅम्पमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरायचा. ५०० किलोओमला त्याचा कटऑफ ३.२ हर्ट्झ. तोच प्रीअॅम्प १० किलोओम इनपुटच्या ट्रान्झिस्टर अॅम्पला लावला, तर कटऑफ थेट १५९ हर्ट्झवर जातो. ८० हर्ट्झला आवाज जवळजवळ ७ डेसिबलने पडतो. सुरुवातीला सांगितलेला पोकळ डग्गा तो हाच.

०.४७ मायक्रोफॅरड आणि १० किलोओम: ३४ हर्ट्झ. ०.४७ आणि ४७ किलोओम: ७ हर्ट्झ. १ मायक्रोफॅरड आणि १० किलोओम: १६ हर्ट्झ. २.२ आणि १० किलोओम: ७ हर्ट्झ. आमच्या मते कटऑफ ५ हर्ट्झच्या खाली ठेवावा. ७ पर्यंतही कानाला तक्रार करायला जागा राहत नाही. पण १६ हर्ट्झला "माणसाला २० हर्ट्झच्या खाली ऐकू येतच नाही" असं म्हणून सोडून देऊ नका. १६ च्या कटऑफला २० हर्ट्झवरचे २ डेसिबल गेलेले असतात.

माहितीपत्रकातला फसवा आकडा

"आउटपुट इम्पीडन्स ४५० ओम" असं वाचलं की वाटतं, वा, दहापट नियमाने (पुढच्या डब्याचा इनपुट इम्पीडन्स मागच्याच्या आउटपुट इम्पीडन्सच्या निदान दहापट हवा) साडेचार किलोओमचा अॅम्पही चालेल. तो आकडा बहुतेक वेळा १ किलोहर्ट्झचा असतो. १२एयू७ कॅथोड फॉलोअर म्हणून (आउटपुट प्लेटऐवजी कॅथोडवरून घेऊन) वापरली तर ४००-४५० ओम खरोखर मिळतात. पण तिच्या पुढे ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर २० हर्ट्झला तो एकटाच सुमारे १७ किलोओमचा अडथळा होतो. म्हणून दहापट नियम लावायचा तो २० हर्ट्झच्या इम्पीडन्सला. तो आकडा मिळत नसेल तर वरचं सूत्र वापरा, तेच जास्त खरं बोलतं.

प्लेटवरून थेट आउटपुट घेतलेल्या प्रीअॅम्पची गोष्ट वेगळी. १२एयू७ला ४७ किलोओमचा प्लेट रेझिस्टर असेल तर आउटपुट इम्पीडन्स साडेसहा किलोओमच्या आसपास येतो. १२एएक्स७ला १०० किलोओमचा असेल तर सुमारे ३८ किलोओम. अशा १२एएक्स७ला १० किलोओमचा अॅम्प जोडणं म्हणजे लहान मुलाच्या डोक्यावर धान्याचं पोतं देणं. बेस जातो, आवाजाची पातळी घसरते, डिस्टॉर्शन वाढतं. शिवाय साधी आरसीए केबल दर मीटर लांबीमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास भरते. ३ मीटर केबल या ३८ किलोओमला लावली, की वरचे स्वर १४ किलोहर्ट्झपासूनच ३ डेसिबल खाली. प्लेट आउटपुटवाल्या प्रीअॅम्पला केबल अर्धा-एक मीटरच ठेवा. कॅथोड फॉलोअरला ही काळजी नाही.

माहितीपत्रक नसेल तर मोजा

लागणाऱ्या वस्तू: एसीची २ किंवा ६ व्होल्टची रेंज असलेला मल्टिमीटर, १० किलोओमचा एक रेझिस्टर आणि फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही अॅप. सगळ्यात स्वस्त पिवळ्या मीटरमध्ये एसीच्या फक्त २०० आणि ७५० व्होल्टच्या रेंज असतात. त्यावर एक व्होल्टातला फरक दिसत नाही, तो इथे चालणार नाही.

प्रीअॅम्प पॉवर अॅम्पपासून सोडवा, चालू करून पाच मिनिटं तापू द्या. फोनवरून २०० हर्ट्झचा टोन द्या, आउटपुट सॉकेटवर एसी व्होल्टेज बरोबर १ व्होल्ट येईल असं वॉल्यूम लावा. आता सॉकेटच्या मधल्या पिन आणि बाहेरच्या कड्याच्या मधे १० किलोओमचा रेझिस्टर धरा आणि पुन्हा वाचा. समजा ०.८५ व्होल्ट आले. १ भागिले ०.८५, त्यातून १ वजा, गुणिले १० किलोओम: आउटपुट इम्पीडन्स सुमारे १.८ किलोओम. मग टोन ४० हर्ट्झचा करा आणि हीच दोन वाचनं पुन्हा घ्या. ४० हर्ट्झला रेझिस्टर लावल्यावर व्होल्टेज २०० हर्ट्झपेक्षा स्पष्टपणे जास्त पडत असेल, तर कपॅसिटर छोटा आहे. २०० हर्ट्झच का? साधे मीटर ४० ते ४०० हर्ट्झच्या मधेच नीट वाचतात, म्हणून.

पॉवर अॅम्पचे इनपुट

जुन्या घरगुती ट्रान्झिस्टर अॅम्पचे इनपुट बऱ्याचदा ४७ किलोओम असतात. त्यांच्याशी जवळपास कुठलाही बरा ट्यूब प्रीअॅम्प जुळतो. मंडपात वापरतात ते पीए अॅम्प बॅलन्स्ड (तीन तारांच्या) जोडणीला साधारण २० किलोओम आणि अनबॅलन्स्डला १० किलोओम दाखवतात. इथेच बहुतेक जोड्या फसतात. एलएम३८८६ या अॅम्प चिपचे हौशी बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे, अनेकदा २२ किलोओम.

टीपीए३११६ या क्लास-डी चिपचे बोर्ड आज नवख्यांच्या हातात सगळ्यात जास्त दिसतात, म्हणून त्यांच्याकडे जरा जवळून पाहू. या चिपचा गेन चार पायऱ्यांत ठरतो आणि इनपुट इम्पीडन्स त्याच्याबरोबर बदलतो: २० डेसिबलला ६० किलोओम, २६ ला ३०, ३२ ला १५ आणि ३६ ला फक्त ९. ट्यूब प्रीअॅम्पकडे स्वतःचाच भरपूर गेन असतो, म्हणजे बोर्डावर जास्त गेनची गरजच नाही. २४ व्होल्ट सप्लाय आणि ८ ओमच्या स्पीकरला हा बोर्ड साधारण ३० वॉट देतो, म्हणजे आउटपुटला साडेपंधरा व्होल्ट. २० डेसिबल म्हणजे दहापट, तेव्हा इनपुटला दीड व्होल्ट पुरे. ट्यूबला ते डाव्या हाताचं काम. गेन ३२ वरून २० डेसिबलवर आणला की इम्पीडन्स चौपट होतो, बेस परत येतो, शिवाय पार्श्वभूमीची सरसर कमी होते. बोर्डावरचे गेनचे दोन रेझिस्टर चिपच्या डेटाशीटप्रमाणे बदलावे लागतात. चिमट्याने एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर डाग दिलेले बारीक) पार्ट काढायची सवय नसेल तर २० किंवा २६ डेसिबलवर आधीच बसवलेला बोर्ड मागून घ्या. बोर्डावर स्वतःचा इनपुट कपॅसिटरही असतो. तो १ मायक्रोफॅरडचा आणि गेन ३६ डेसिबलचा असेल, तर तो एकटाच १८ हर्ट्झला कापतो.

सबवूफर किंवा दुसरा पॉवर अॅम्प वाय केबलने जोडत असाल तर दोन्ही इनपुट समांतर येतात. ४७ आणि १० किलोओम मिळून ८.२ किलोओम. गणित त्या आकड्याने करा.

गेन: नॉब आठ वाजताच घर दणाणतं

ही दुसरी मोठी अडचण, आणि तिच्याकडे फारच कमी लोक लक्ष देतात. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल करणारा डबा) २ व्होल्ट देतो. १२एयू७ची एक स्टेज त्याला सुमारे साडेचौदापट करते, म्हणजे २९ व्होल्ट. ८ ओमला ५० वॉट देणारा, २६ डेसिबल गेनचा पॉवर अॅम्प इनपुटला फक्त १ व्होल्ट आला की पूर्ण ताकदीला पोचतो. आणि खोलीत बसून ऐकताना एखादा वॉट लागतो, त्याला ०.१४ व्होल्ट पुरतात. म्हणजे २९ व्होल्टांची ऐपत असलेल्या साखळीतून तुम्ही ४६ डेसिबल दाबून ऐकताय.

परिणाम तीन. नॉब जरा हलवला की आवाज उसळतो. लॉग पॉटच्या (वॉल्यूमच्या नॉबमागचा बदलता रेझिस्टर) सुरुवातीच्या भागात डाव्या-उजव्या चॅनलचे दोन ट्रॅक एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून गायक एका बाजूला सरकतो. आणि वॉल्यूम पॉट बहुतेक प्रीअॅम्पमध्ये ट्यूबच्या आधी असतो, त्यामुळे ट्यूबची स्वतःची सरसर वॉल्यूम शून्यावर असतानाही पूर्ण जोराने पुढे जाते.

उपाय स्वस्त आहे: पॉवर अॅम्पच्या तोंडाशी दोन रेझिस्टरचा पॅड. ३३ किलोओम सिग्नलच्या वाटेत, १५ किलोओम सिग्नल आणि ग्राउंडच्या मधे. पाव वॉटचे, १ टक्क्याचे मेटल फिल्म घ्या, दोन चॅनलना मिळून चार नग. पॉवर अॅम्पकडच्या आरसीए प्लगची टोपी उघडा. केबलची मधली तार थेट पिनला न जोडता ३३ किलोओममधून जोडा. १५ किलोओम पिनपासून बाहेरच्या कड्यापर्यंत. ३३ च्या पायांवर स्लीव्ह चढवा, नाहीतर टोपी फिरवताना शॉर्ट होतं. ४७ किलोओमच्या अॅम्पवर हा पॅड आवाज सुमारे १२ डेसिबलने खाली आणतो, आणि त्याच्याबरोबर ट्यूबची सरसरही तेवढीच.

याहून मोलाची गोष्ट १० किलोओमच्या अॅम्पवर घडते. पॅडमुळे प्रीअॅम्पला आता १० ऐवजी ३९ किलोओम दिसतात. ०.४७ मायक्रोफॅरडचा कटऑफ ३४ वरून ९ हर्ट्झच्या खाली येतो. आवाज १६ डेसिबलने कमी होतो, पण तो तर जास्तच होता. दहा-वीस रुपयांच्या रेझिस्टरनी बेस आणि सरसर, दोन्ही तक्रारी मिटतात. म्हणून ट्यूब बदलायच्या आधी हा पॅड करून पाहा. पॅड पॉवर अॅम्पच्याच टोकाला हवा. प्रीअॅम्पच्या टोकाला लावला तर त्याच्या पुढची लांब केबल वरचे स्वर खाते.

गेन मुळातच कमी असेल आणि पॅडने आवाज आणखी कमी होणं परवडत नसेल, तर दोन रस्ते उरतात. आउटपुट कपॅसिटर मोठा करायचा, २.२ किंवा ४.७ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन. तो आकाराने अंगठ्याएवढा किंवा त्याहून मोठा असतो, जागा आधी मोजा. किंवा मधे बफर टाकायचा: ओपीए२१३४सारखी जेफेट ऑपअॅम्प चिप, गेन एक, इनपुटला १ मेगओम. ट्यूबच्या पुढे ऑपअॅम्प लावणं काहींना पाप वाटतं. आम्हाला नाही वाटत. ट्यूबला हलकं ओझं मिळालं तरच तिचा खरा आवाज येतो, आणि बफर तेच देतो.

पहिल्यांदा चालू करताना

पॉवर अॅम्प बाजूला ठेवा. प्रीअॅम्पमध्ये ट्यूब बसवा, मल्टिमीटर डीसीच्या ३०० व्होल्टपेक्षा मोठ्या रेंजवर ठेवा, काळी तार आउटपुट सॉकेटच्या कड्याला, लाल मधल्या पिनला. वॉल्यूम शून्य. आता स्विच टाका.

पहिले काही क्षण ट्यूब काळोखीच असते, पण मीटर उसळी मारतो. सिलिकॉन डायोड असलेल्या सप्लायमध्ये उच्च व्होल्टेज लगेच येतं, ट्यूब थंड असल्याने करंट ओढत नाही, आणि प्लेट सप्लायच्या पूर्ण व्होल्टेजला जाऊन बसते. मग मधल्या बारीक नळीच्या टोकाला तांबूस ठिपका दिसतो, दहा-वीस सेकंदांत कॅथोड तापतो, करंट सुरू होतो आणि प्लेट दीडेकशे व्होल्टने खाली येते. मीटर उलट्या बाजूला झुकतो आणि हळूहळू शून्याकडे येतो. हे दोन हेलकावे नीट बघून ठेवा. पॉवर अॅम्प आधीच चालू असता, तर हेच हेलकावे वीसपट होऊन वूफरवर आदळले असते.

मिनिटभराने रेंज खाली आणा. दोन मिनिटांनी वाचन ५ मिलीव्होल्टच्या आत हवं. २० मिलीव्होल्टच्या वर अडून बसलं असेल, तर आउटपुट कपॅसिटर गळतोय. तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका, विशेषतः पॉवर अॅम्पच्या इनपुटला कपॅसिटर नसेल आणि तो डीसीपासून गेन देत असेल तर. ५० मिलीव्होल्ट गुणिले २० म्हणजे स्पीकरवर कायमचा १ व्होल्ट. वाचन फार सावकाश खाली येत असेल, तर आउटपुटला ग्राउंडकडे जाणारा ब्लीडर (साठलेला चार्ज वाहून नेणारा) रेझिस्टर नाही. सॉकेटवर पिन ते कडं असा ४७० किलोओम लावला की काम होतं. दोन्ही चॅनल तपासा.

यानंतरचा क्रम कायमचा: आधी प्रीअॅम्प, मिनिटभर थांबा, मग पॉवर अॅम्प. बंद करताना आधी पॉवर अॅम्प, त्याचा दिवा विझू द्या, मग प्रीअॅम्प. चालू असताना केबल कधीही ओढू नका.

लाइट जाण्याचं काय? हा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. लाइट गेली आणि लगेच आली, की दोन्ही डबे एकदम जागे होतात आणि धप्पकन आवाज येतो. लाइट गेल्याबरोबर उठून पॉवर अॅम्पचा स्विच बंद करणं हा पहिला उपाय. पक्का उपाय म्हणजे म्यूट रिले: प्रीअॅम्पच्या आउटपुटवर, कपॅसिटरच्या नंतर, रिलेचा बंद असणारा संपर्क सिग्नल ग्राउंडला शॉर्ट करून ठेवतो आणि ४५ सेकंदांनी सोडतो. तयार १२ व्होल्ट टायमर रिले यासाठी चालतो. त्याच्या सप्लायला मोठा कपॅसिटर लावू नका. वीज जाताच रिले तत्काळ पडायला हवा, तरच तो कामाचा.

जोडणी आणि घरघर

आरसीए आउटपुट एक्सएलआर (तीन पिनांच्या) इनपुटला जोडायचं असेल तर मधली तार पिन २ ला, शील्ड पिन १ ला, आणि पिन ३ ला पिन १ शी जोडा. पिन ३ मोकळी सोडली तर काही अॅम्पवर आवाज निम्मा येतो आणि घरघर वाढते.

घरघर आली तर अंदाज बांधू नका, एकेक पायरी करा. एका आरसीए प्लगची पिन आणि कडं आतून जोडून शॉर्टिंग प्लग बनवा, असे दोन. ते पॉवर अॅम्पच्या इनपुटला लावा, स्पीकरच्या टर्मिनलला चुकूनही नाही. आता शांत आहे? मग पॉवर अॅम्प निर्दोष. तो बंद करून प्लग काढा, प्रीअॅम्प जोडा, पण चालू करू नका. पॉवर अॅम्प पुन्हा चालू केल्यावर घरघर आली, तर केबल किंवा ग्राउंड लूप (दोन वाटांनी जोडलेला ग्राउंड). प्रीअॅम्प चालू करून, वॉल्यूम शून्यावर असताना आली, तर दोष प्रीअॅम्पच्या आत. सोर्स जोडल्यावर आली, तर सोर्स. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. सेटटॉप बॉक्स असेल तर मागची केबलची वायर काढून बघा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

आवाजाचा पोतही सांगतो. खोल, गोल "हूं" ५० हर्ट्झचा असतो: ग्राउंड लूप, हीटरची वायरिंग, किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. करकरीत "झीं" १०० हर्ट्झचा असतो आणि सप्लायच्या फिल्टरकडे बोट दाखवतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी ६० आणि १२० धरावेत. प्रीअॅम्प पॉवर अॅम्पच्या डोक्यावर ठेवू नका. खालच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र सरळ ट्यूबमध्ये घुसतं आणि उष्णताही अडकते. एक फूटभर अंतर ठेवा, दोन्हीचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर "झीं" येणारच, त्याला साइन वेव्ह इन्व्हर्टर हाच उपाय.

अर्थची पिन तोडून घरघर थांबते, हे खरं आहे. तरी ते करू नका. आत अडीचशे व्होल्ट असलेल्या धातूच्या डब्याला अर्थ हा एकमेव राखणदार असतो.

पहिला प्रीअॅम्प आणि ट्यूब बदलणं

१२ व्होल्टवर चालणारे ६जे१ या पेंटोड ट्यूबचे छोटे बोर्ड शिकण्यासाठी चांगले आहेत. त्यात उच्च व्होल्टेज नसल्याने धोका कमी. पण त्यांना १२ व्होल्ट एसी लागतात, म्हणजे साधा ट्रान्सफॉर्मर. सीसीटीव्हीचा किंवा राउटरचा डीसी अॅडॉप्टर लावून "बोर्ड खराब निघाला" म्हणणारे फार आहेत. प्लेटला कमी व्होल्टेज मिळत असल्याने त्यांच्याकडून मोठ्या सिग्नलची अपेक्षा ठेवू नका. ४७ किलोओमच्या इनपुटला ते बरे वाजतात.

ट्यूब बदलताना पाय सारखे दिसतात म्हणून फसू नका. १२एएक्स७, १२एटी७ आणि १२एयू७ यांचे पाय आणि हीटर सारखेच, पण गेनचा गुणक अनुक्रमे १००, ६० आणि १७-२०. एकीच्या जागी दुसरी घातल्यास सर्किटचं सगळं गणित हलतं. ६डीजे८ नऊ पायांचीच, पण तिचा हीटर ६.३ व्होल्टचा आणि पाय ४ व ५ वर. १२.६ व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातली की हीटर जळतो. युरोपियन नावं अशी: ईसीसी८३ म्हणजे १२एएक्स७, ईसीसी८१ म्हणजे १२एटी७, ईसीसी८२ म्हणजे १२एयू७, ईसीसी८८ म्हणजे ६डीजे८. बेलने (भारत इलेक्ट्रॉनिक्सने) बंगळुरूत १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या एखाद्या जुन्या दुकानात बेलच्या शिक्क्याची ईसीसी८२ दिसली आणि दुकानदार टेस्टरवर दाखवायला तयार असेल, तर जरूर घ्या. टेस्टरशिवाय जुनी ट्यूब विकत घेऊ नका.

हीटरचं व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या (६.३ किंवा १२.६) आसपास ५ टक्क्यांत असावं. २३० साठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरला घरात २५० व्होल्ट मिळत असतील तर ६.३ च्या हीटरला ६.८५ मिळतात आणि ट्यूबचं आयुष्य घटतं. शेतीपंप सुरू झाल्यावर १९० पर्यंत घसरणाऱ्या गावात ५.२ मिळतात आणि आवाज मरगळतो. तिथे सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. रिलेवाला प्रत्येक वेळी टक् करतो आणि तो टक् स्पीकरमधून ऐकू येतो. जपानहून आलेलं १०० व्होल्टचं किंवा अमेरिकेहून आलेलं १२० व्होल्टचं यंत्र असेल, तर आधी मागची पाटी वाचा, योग्य स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणा, मगच प्लग लावा.

ट्यूबला पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून मंद टिक येणं चालतं. घंटेसारखा नाद येऊन रेंगाळला, तर ती ट्यूब मायक्रोफोनिक आहे. तिला पहिल्या स्टेजमधून काढा, जमलं तर कॅथोड फॉलोअरच्या जागी घाला, तिथे ती खपून जाते. प्रीअॅम्प स्पीकरच्या टेबलावर तर ठेवूच नका.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा संपता संपता खरखर सुरू होते. ट्यूब गेली असं समजून फेकू नका. प्लग काढा, तासभर थंड होऊ द्या, ट्यूब सरळ वर ओढत जरा जरा डोलवून काढा. पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आरसीएचे प्लगही पुसा, ट्यूब सॉकेटमध्ये तीन-चार वेळा आत-बाहेर करा. अल्कोहोल पूर्ण उडू द्या. मग मल्टिमीटर लावून डीसीची तपासणी पुन्हा करा, आणि मगच पॉवर अॅम्प जोडा.